ए-२ फ्लाइट जॅकेट: साइज कसा काढायचा आणि कुठलं मॉडेल घ्यायचं

बरेच महिने वापरून झाल्यावर लिहितोय, त्यामुळे पार्सल उघडल्या दिवशीचं कौतुक यात नाहीये. जॅकेट म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन वैमानिकांच्या ए-२ ची हुबेहूब नक्कल, पेनसिल्व्हेनियातल्या मिडलटाउनच्या रफ वेअर कंपनीला २७७५२ नंबरचं जे सरकारी कॉन्ट्रॅक्ट मिळालं होतं त्या पॅटर्नवर शिवलेलं. कातडं हॉर्सहाइड म्हणजे घोड्याचं, रंग सील ब्राउन म्हणजे गडद तपकिरी, बाहेरच्या एका छोट्या वर्कशॉपकडून ऑर्डर देऊन मागवलं. सरळ सांगतो, माझ्याकडच्या सगळ्या कपड्यांत हे सगळ्यात आवडतं आहे आणि त्याचं अर्धं श्रेय कातड्याला असेल तर अर्धं साइज बरोबर आला याला आहे. मित्रांकडे दुप्पट पैशांची जॅकेटं बघितलीत जी खांद्यावरून ओघळतात, पोटावर फुगतात, आणि मग ती कपाटातच राहतात. म्हणून साइजबद्दल जरा सविस्तर लिहितो.

आधी ए-२ काय आहे ते बघा. अमेरिकन आर्मी एअर कोअरने ते १९३१ मध्ये मंजूर केलं. त्याच्या आधीच्या ए-१ ला पुढे बटणं होती आणि कॉलर विणलेल्या लोकरीची, ए-२ मध्ये चेन आली, चेनच्या मागे वारा अडवायला कातड्याची पट्टी आली, शर्टासारखी कॉलर आली जी टिचबटणांनी खाली बसते, गळ्याशी हूक, खांद्यावर पट्ट्या, पुढे दोन खिसे जे फक्त वरून उघडतात आणि मनगट-कंबरेला लोकरीची रिब, म्हणजे ताणली जाणारी विणलेली पट्टी. पाठ एकाच अखंड तुकड्याची, मध्ये जोड नाही. हे पाठीचं लक्षात ठेवा, स्वस्त नक्कल ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण आहे कारण अख्ख्या पाठीएवढा डाग-ओरखडा नसलेला तुकडा मिळवायला पैसे जातात. युद्धात बऱ्याच कंपन्यांनी ही जॅकेटं शिवली, एअरो, रफ वेअर, डुबॉ, पेरी, वर्बर, ब्रॉन्को वगैरे, आणि १९४३ मध्ये नव्या ऑर्डरी थांबून कापडी बी-१० आलं. ड्रॉइंग सगळ्यांना एकच दिलं होतं पण प्रत्येक कारखान्याचा कटर वेगळा, त्यामुळे एका कंपनीचा ४० आणि दुसऱ्या कंपनीचा ४० अंगावर वेगळा बसतो, कॉलरचा आकार वेगळा, खिशाच्या झाकणाचं टोक वेगळं. आज चांगले लोक जी नक्कल करतात ती "ए-२" अशी मोघम करत नाहीत, अमुक कंपनीचं अमुक कॉन्ट्रॅक्ट अशी करतात. त्यामुळे "मला ए-२ मध्ये ४२ होतो" या वाक्याला काही अर्थ नाही, कुठल्या ए-२ मध्ये ते पण सांगावं लागतं.

आणि अजून एक, सरकारी कागदावर हे समर जॅकेट होतं, उन्हाळी. आत गरम काही नाही, एक पातळ सुती किंवा रेशमी अस्तर, बास. शर्टावर घालायचं. आपल्याकडचे लोक काय करतात, जॅकेट म्हटलं की आत स्वेटर बसला पाहिजे म्हणून एक साइज मोठा घेतात. ए-२ चं असं केलंत की ते गेलंच. खांद्याची शिवण दंडावर उतरते, काखेत कातडं गोळा होतं, पाठ पोत्यासारखी दिसते. पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी शर्ट आणि वर ए-२ एवढं पुरतं, महाबळेश्वरला रात्री एक पातळ लोकरी बनियन आत घालतो, त्याच्यासाठी वेगळा साइज लागत नाही.

आता मापं. टॅगवरचा आकडा म्हणजे तुमच्या छातीचं माप, जॅकेटचं नव्हे. युद्धातले साइज जोड आकड्यांत असायचे, ३६, ३८, ४०, ४२ असे, आणि उंच माणसासाठी वेगळी लांबी असला प्रकार नव्हता. तर पहिलं काम, टेप घ्या आणि कोणाला तरी सांगून छातीचं माप घ्या, काखेच्या खालून, टेप पाठीवर घसरू न देता, श्वास नॉर्मल ठेवून, पातळ टीशर्टवर. छाती फुगवू नका. शर्टाच्या कॉलरवर लिहिलेला ४२ हे तुमचं माप नसतं, तो शर्टाच्या कंपनीचा हिशोब असतो. माझी छाती साडे एकोणचाळीस आहे आणि रेडिमेड शर्ट मला ४२ चा लागतो, ए-२ घेतलं ४० चं.

मग दुकानदाराकडून जॅकेटची मापं मागवायची, आणि ती आडवं ठेवून, चेन लावून घेतलेली पाहिजेत. सगळ्यात महत्त्वाचं काखेपासून काखेपर्यंत. त्याची दुप्पट करा आणि त्यातून तुमची छाती वजा करा, जे उरेल तो मोकळेपणा. ए-२ साठी हा तीन ते पाच इंचांच्या मध्ये असला की काम झालं. माझं काखेपासून काखेपर्यंत साडे एकवीस आहे, दुप्पट त्रेचाळीस, म्हणजे साडेतीन इंच मोकळं, थोडं अंगाबरोबर पण हात पुढे घेतला तर ओढत नाही. तीनच्या खाली जाणार असाल तर हॉर्सहाइड असताना दोनदा विचार करा कारण ते सुरुवातीला पुठ्ठ्यासारखं ताठ असतं आणि वाकत नाही, सहाच्या वर गेलात तर ते ए-२ राहिलंच नाही, साधं कातड्याचं जॅकेट झालं.

खांदा दुसरा, आणि इथे तडजोड करू नका. छाती अर्धा इंच इकडे तिकडे चालते, खांदा चालत नाही. तुमच्या अंगावर नीट बसणारा एखादा शर्ट घ्या, मागून एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत मोजा, जॅकेटचं माप त्याच्या आसपास पाहिजे. जुन्या पॅटर्नचं आर्महोल म्हणजे मुंढा वर असतो, काखेच्या अगदी जवळ, पहिल्यांदा घातलं की वाटतं घट्ट आहे. पण हात वर करून बघा, आर्महोल वर असल्यामुळे जॅकेट सगळं वर खेचलं जात नाही. आजच्या फॅशन ब्रँडच्या जॅकेटात आर्महोल खाली सोडलेलं असतं, उभं राहिल्यावर आरामात वाटतं आणि स्कूटरचं हँडल धरलं की कंबर उघडी पडते.

बाही जरा लांबच घ्या. ही जॅकेटं बसून, हात पुढे करून विमान चालवणाऱ्यांसाठी होती, उभं राहिल्यावर रिब अंगठ्याच्या मुळाशी आली तर ते बरोबर आहे. शिवाय कातड्याची बाही वापरून वापरून कोपराला घड्या पडतात आणि अर्धा-पाऊण इंच तिथेच जातो, म्हणजे आज बरोब्बर मनगटावर असलेली बाही वर्षभराने आखूड होणार. ४० च्या जॅकेटला खांद्याच्या शिवणीपासून रिबच्या टोकापर्यंत साधारण साडेचोवीस-पंचवीस इंच असतात. आपल्याकडे पाच सहा-पाच सातच्या उंचीच्या लोकांना हे कधीकधी जास्त होतं, तर बनवून देणाऱ्याला सांगा बाही अर्धा इंच कमी कर, जे ऑर्डरवर शिवतात ते करतात.

लांबीवरून सगळ्यात जास्त वाद होतो. "आखूड आहे, परत पाठवतो" असं म्हणणारे मी खूप बघितलेत. बाबांनो, ते आखूडच असतं! मागून कॉलरच्या शिवणीपासून रिबच्या खालच्या कडेपर्यंत चोवीस-पंचवीस इंच, बास. त्या काळातली पँट बेंबीवर बसायची, जॅकेट कंबरेवर संपायचं, दोघांची गाठ पडायची. आणि वैमानिक खाली पॅराशूटच्या पट्ट्या बांधून खुर्चीत अडकलेला, लांब जॅकेट मांड्यांवर गोळा झालं असतं. आज आपण जीन्स घालतो नितंबावर आणि मग मध्ये शर्टाची झालर दिसते, त्यात जॅकेटचा काय दोष. उपाय म्हणजे जरा उंच कंबरेची पँट घाला, शर्ट खोचा. लांबीसाठी साइज वाढवला तर लांबी वाढते अर्धा इंच आणि छाती वाढते दोन इंच, हा व्यवहार घाट्याचा. खरंच तुमचं धड लांब असेल तर इंच-दीड इंच लांबी वाढवून शिवून घ्या, त्याने जॅकेटचं काही बिघडत नाही.

पोट असेल त्यांनी नीट वाचा. रिब ताणली जाते पण चेन ताणली जात नाही. छाती ४० आणि पोट ४२ असेल तर छातीवरून साइज काढू नका, चेन लावून खाली बसून बघितल्याशिवाय घेऊ नका. ही जॅकेटं विशी-बाविशीतल्या सडपातळ पोरांच्या अंगावर कापलेली, छातीपासून कंबरेकडे निमुळती होत जातात. अशा वेळी १९८८ मध्ये अमेरिकन एअर फोर्सने जे ए-२ परत आणलं, गोटस्किन म्हणजे शेळीच्या कातड्यातलं, त्या पॅटर्नवरची जॅकेटं बघा, ती जास्त चौकोनी आणि मोकळी आहेत. जुन्या कॉन्ट्रॅक्टवाले लोक त्यांना नाकं मुरडतात पण माझ्या मते चाळिशीतल्या माणसाला ती अंगावर खरंच चांगली दिसतात.

बायकांसाठी पण ए-२ मस्त जातं, १९४३-४४ मध्ये अमेरिकेत डब्ल्यूएएसपी (वीमेन एअरफोर्स सर्व्हिस पायलट्स) मधल्या महिला वैमानिक हीच जॅकेटं घालायच्या. छाती आणि नितंब दोन्ही मोजा, जॅकेट नितंबाच्या वरच संपत असल्यामुळे बहुतेक वेळा छातीवरूनच साइज ठरतो, मात्र खांदा बघून एक साइज खाली जावं लागू शकतं.

बाकी मॉडेलांबद्दल थोडक्यात, कारण काही जणांना ए-२ मुळात हवंच नसतं.

जी-१ हे नेव्हीचं. फरची कॉलर, गोटस्किन, खिशाला बटणं, चेनच्या मागच्या पट्टीवर भोकं पाडून यूएसएन असं लिहिलेलं. पाठीला दोन्ही खांद्यांमागे घड्या असतात ज्या हात पुढे घेतला की उघडतात, त्यामुळे अंगाबरोबरचा साइज घेतला तरी हालचालीला अडत नाही. बाइकवर, लॅपटॉपवर, कुठेही हे ए-२ पेक्षा आरामशीर आहे हे मला मान्य करावंच लागेल. पण ती फरची कॉलर आपल्या हवेत मानेला टोचते आणि घाम पिते. नाशिक-पुण्याला ठीक, मुंबईला विसरा.

एमए-१ म्हणजे कॉलेजच्या पोरांचं बाँबर. १९५० च्या आसपास आलेलं नायलॉनचं जॅकेट. जेट विमानं आली, उंची वाढली, कातडं भिजलं की वर जाऊन गोठायचं, आणि कॉकपिटमध्ये जाडजूड जॅकेटला जागा नव्हती. आधीच्या मॉडेलच्या कॉलरवरची फर गेली आणि तिथे रिब आली. आतलं नारिंगी अस्तर नंतर, साठच्या दशकात आलं, विमान पडलं तर जॅकेट उलटं करून घालायचं म्हणजे शोधणाऱ्यांना लांबून दिसतं. डाव्या दंडावर पेन ठेवायचा खिसा. याचा साइज ए-२ च्या उलट, ते मुद्दाम फुगीर आहे, काखेपासून काखेपर्यंत ए-२ पेक्षा दोन-अडीच इंच जास्त दिसलं तर घाबरू नका, मधल्या भरावाने आतली जागा खाल्लेली असते. आज एकाच ब्रँडमध्ये स्लिम फिट आणि जुन्या फिटचं असे दोन प्रकार मिळतात, त्यातलं कुठलं आहे हे विचारल्याशिवाय साइज ठरवू नका. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला स्लिमचा फोटो टाकून रेग्युलरची मापं दिली होती, मापाचा टेप दिसेल असा फोटो मागितल्यावर तो गप्प झाला. त्याच्याकडून घेतलं नाही. तुम्ही पण हा फोटो मागाच. आपल्या हवेला सगळ्यात सोयीचं एल-२बी, तशाच कापडाचं पण भराव नसलेलं, खांद्यावर पट्ट्या असलेलं, आणि गंमत म्हणजे त्याच्याकडे कोणी बघतच नाही.

बी-३ आणि ब्रिटिशांचं अर्विन, दोन्ही मेंढीच्या लोकरीसकट कातड्याची. बी-१७ सारखी बाँबर विमानं पंचवीस हजार फुटांवर जायची, बाजूच्या खिडक्या उघड्या, बाहेर उणे चाळीस, तिथे याची गरज होती. लडाखला राहत असाल किंवा टोरांटोला, तर जरूर घ्या आणि टॅगचाच साइज घ्या कारण ती आत थर घालायच्या हिशोबानेच कापलेली असतात. महाराष्ट्रात याचा एकच उपयोग आहे, भिंतीवर लावणे.

कातड्याचं बोलू. हॉर्सहाइड पहिले काही आठवडे त्रास देतं. बाही वाकत नाही, बसलं की कॉलर हनुवटीला लागते, चालताना करकर आवाज येतो. घरात घालून बसा, कोपर वाकवा, पुस्तक वाचा. भिजवून मऊ करायचे व्हिडिओ बघून जॅकेट बादलीत घालू नका, नवीन असताना तर नाहीच. हळूहळू कोपराला, काखेत, खिशाच्या कडेला घड्या पडतात, वरचा रंग पातळ होऊन खालचा लालसर तपकिरी डोकावतो, आणि तिथून पुढे ते जॅकेट फक्त तुमचं होतं. गोटस्किन पहिल्या दिवसापासून ऐकतं, दाणेदार असतं, ओरखडे लपवतं, वजनाला हलकं. पहिलंच जॅकेट असेल आणि मुंबई-ठाण्यासारखी हवा असेल तर मी गोटस्किनच घ्यायला सांगेन. लॅम्ब म्हणजे कोकराचं घेऊ नका, दुकानात हाताला लोण्यासारखं लागतं पण बॅगेच्या पट्ट्याने खांद्यावर घासून वर्षात उसवतं. आणि जाहिरातीत नुसतं "जेन्युइन लेदर" लिहिलं असेल, कुठल्या जनावराचं ते नसेल, तर विचारा.

पैशांचं म्हणाल तर इंग्लंडमधल्या डेव्हनचं ईस्टमन, स्कॉटलंडमधल्या गॅलाशील्सचं एअरो, जपानचं रिअल मॅकॉइज आणि बझ रिकसन्स ही वरची नावं, कातड्याच्या जॅकेटची किंमत अधिक कुरियर अधिक कस्टम ड्यूटी असं करत इथे येईपर्यंत लाखाच्या पुढे जातं. परत पाठवायचं झालं तर भरलेली ड्यूटी परत मिळवायचा ताप वेगळाच, म्हणून ऑर्डरच्या आधी चार मेल जास्त करा, त्यात लाजायचं काही नाही. कोणी तिकडे राहत असेल आणि ट्राय करून येताना घेऊन येणार असेल तर त्याच्यासारखं काही नाही.

दुसरा रस्ता धारावी. सायन-बांद्रा लिंक रोडवर कातड्याची दुकानं आहेत, गोट लेदर सहज मिळतं आणि मापाने शिवून देतात, खर्च बाहेरच्या तुलनेत फारच कमी. माझ्या मित्राने तिथून ए-२ शिवून घेतलंय, छान झालंय, पण त्याने काय केलं ते सांगतो. फोनवरचा एक फोटो दाखवून "असं शिवा" म्हणाला नाही, पुढून-मागून-आतून फोटो आणि प्रत्येक माप कागदावर लिहून नेलं. पाठ एका तुकड्याची, खिशाला बाजूने हात घालायची सोय नको (ते लोक चांगल्या हेतूने हमखास टाकतात), कंबरेला इलॅस्टिक नको लोकरीची रिब पाहिजे, अस्तर सुती पाहिजे, सॅटिन नको, आणि चेन जाड पितळी दातांची. रिब आणि चेन त्याने स्वतः बाहेरून मागवून दिली. आधी साध्या कापडात एक ट्रायल शिवून घेतली, त्याचे थोडे पैसे जास्त गेले, पण कातड्याला एकदा सुईचं भोक पडलं की ते बुजत नाही म्हणून हा खर्च वाचवू नका. कारागीर हाताने उत्तम आहेत, फक्त त्यांना हे जॅकेट असंच का हवंय ते शांतपणे सांगावं लागतं.

पॅचचं एक. जॅकेटवर कोणाच्या तरी स्क्वाड्रनचा बिल्ला लावून फिरणं मला पटत नाही, ती माणसं ते घालून गेली आणि त्यातली कितीतरी परत आली नाहीत. एकच गोष्ट खुणावते. युद्धात आसामातल्या छाबुआ, दिनजानसारख्या धावपट्ट्यांवरून हिमालय ओलांडून चीनला सामान नेणारी अमेरिकन विमानं उडायची, त्या चीन-बर्मा-इंडिया आघाडीच्या बिल्ल्यावर चीनचा सूर्य आणि भारताचा तारा शेजारी शेजारी असायचे आणि त्यातले बरेच बिल्ले इथल्याच कारागिरांनी हाताने केलेले. ए-२ वर आपल्या हातचं काम होतं, हे कळल्यापासून त्या जॅकेटकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. माझं मात्र कोरंच आहे.

बाइकवाल्यांनो, हे रायडिंग गिअर नाही. खांद्या-कोपराला आर्मर नाही, पडल्यावर शिवण उसवते. गावातल्या गावात ठीक, हायवेला तुमचं रायडिंग जॅकेटच घाला.

आणि पावसाळा. जूनच्या आधी जॅकेट स्वच्छ पुसून, रुंद लाकडी हँगरवर, सुती कव्हरमध्ये ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत घातलंत तर ऑगस्टमध्ये पांढरी बुरशी काढत बसाल. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, आणि दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून पंख्याखाली तासभर, उन्हात नाही. तेल-कंडिशनर वर्षातून एकदा, बोटाच्या टोकावर मावेल एवढं, जास्त लावलं की दमट हवेत बुरशीला आमंत्रण. रिब लोकरीची आहे, कसर लागते, तिच्यावर सगळ्यात जास्त लक्ष ठेवा. डांबर गोळ्या ठेवायच्या तर कातड्याला लागू देऊ नका. रिब फाटली तर बदलून मिळते, फक्त जुनी उसवताना त्याच भोकांतून परत शिवायला सांगा.